कोंबडीचे खडबडीत पाय : म्हातारपण नव्हे, रोग

परसातील कोंबडीचे पाय जाड, खडबडीत व पांढुरके दिसू लागले की "कोंबडी म्हातारी झाली" असे समजून ती मिळेल त्या किमतीस विकून टाकण्याची रीत खेडोपाडी आढळते. पुष्कळदा ही समजूत चुकीची असते. गोचिडीच्या जातकुळीतील, डोळ्यांना सहजी न दिसणारा एक माइट पायाच्या खवल्यांखाली बिळे पाडून राहतो, तेथेच वाढतो व प्रजा वाढवितो. नेमिडोकॉप्टिस म्यूटन्स हे त्याचे शास्त्रीय नाव. रोग फार सावकाश वाढत असल्याने तो अधिक वयाच्या पक्ष्यांतच ठळकपणे दिसतो, आणि म्हणूनच दोष वयावर जातो.

वयोमानाने पाय खरखरीत झाले तरी खवले बहुधा चपटेच बसलेले असतात. रोगी पायावरील खवले मात्र वर उचलले जातात व त्यांखाली खडूच्या भुकटीसारखा थर साचतो. पुढे पक्षी लंगडू लागतो, चरणे कमी होते, अंडी घटतात. दुर्लक्ष झाल्यास बोटेही झडतात.

यावर रॉकेलात किंवा गाडीच्या काळ्या तेलात पाय बुडविण्याचा उपाय अजूनही सांगितला जातो. तो करू नये. माइट मरत असतील, परंतु कातडी भाजते व पक्ष्याला विनाकारण यातना होतात.

उपचार सायंकाळी, कोंबड्या खुराड्यात शांत झाल्यावर करावा. एकाने पक्षी धरावा, दुसऱ्याने कोमट साबणपाण्यात त्याचे पाय काही मिनिटे भिजवावेत. मऊ झालेली खपली जुन्या दातांच्या ब्रशाने हलकेच घासावी. नखाने किंवा चाकूने खवले उपटू नयेत. रक्त येऊन जखम चिघळते. पाय कोरडे करून व्हॅसलीन, खोबरेल किंवा गंधकाचे मलम खवल्यांच्या फटींत मुरेल असे चोळावे. एकदा लावून भागत नाही. दर दोन-तीन दिवसांनी, निदान तीन आठवडे हे चालू ठेवावे. माइट मेल्यावरही पाय लगेच गुळगुळीत होत नाहीत. नवे खवले येण्यास काही महिने लागतात. तेवढ्यावरून उपाय फसला असे मानू नये.

रोग बळावल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आयव्हरमेक्टिन हे औषध गुणकारी आहे, पण गुरांसाठी आणलेले इंजेक्शन अंदाजाने टोचणे धोक्याचे. मात्रा पक्ष्याच्या वजनावर ठरते, आणि औषधानंतर अंडी व मांस किती दिवस वर्ज्य करावे हेही पशुवैद्यकालाच विचारावे.

'लव्हबर्ड' म्हणून विकले जाणारे पिंजऱ्यातील पक्षी बहुधा बजरीगर असतात. त्यांच्या चोचीच्या मुळाशी मधाच्या पोळ्यासारखी सच्छिद्र खपली दिसली, तर तेथेही याच कुळातील माइट असण्याचा संभव असतो. अशा लहान पक्ष्याला तेल फार लागले तर पिसे चिकटून अंगाची ऊब जाते, म्हणून त्याला थेट पशुवैद्यकाकडेच न्यावे.

एक कोंबडी रोगी आढळली की खुराड्यातील सर्वांचे पाय तपासावेत. बसण्याच्या लाकडी दांड्यांच्या फटी घासून धुवाव्यात व जुने गवत जाळावे. बाजारातून आणलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविण्यापूर्वी तिचे पाय अवश्य पाहावेत. तिच्या सहवासातून हा माइट पिलांना लागतो, आणि पिलांचे पाय बिघडल्याचे ध्यानात येईपर्यंत बरेच महिने उलटलेले असतात.