बांधीतला अपूर्णांक

आमची मुर्री गोंदिया शहराच्या जवळची. इथली मुलं संध्याकाळी माझ्याकडे गणित घेऊन बसतात. सहावीची मुलं हमखास अडतात ती अपूर्णांकांच्या गुणाकाराशी. अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने. नियम तोंडपाठ असतो. तरी एखादी धीट मुलगी विचारतेच, "मॅडम, गुणल्यावर संख्या वाढते ना? मग अर्धा गुणिले एक तृतीयांश इतकं कमी कसं?"

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. नुसता नियम पुन्हा सांगून त्याचं उत्तर मिळत नाही. म्हणून मी फरशीवर खडूने धानाची एक चौकोनी बांधी, म्हणजे खाचर, काढते. उभ्या रेघांनी तिचे चार सारखे पट्टे पाडायचे. तीन पट्ट्यांत रोवणी झाली, म्हणजे ३/४. रोवलेल्यापैकी २/३ भागाला युरिया दिला. आता आडव्या रेघांनी अख्ख्या बांधीचे तीन भाग करायचे आणि घरं मोजायची. एकूण घरं ४ × ३ = १२; छेदाला छेदाने का गुणायचं, ते इथे दिसतं. युरिया पडलेली घरं ३ × २ = ६; हा अंशांचा गुणाकार. ६/१२, म्हणजे अर्धी बांधी! एरवी गप्प बसणारं पोरही इथे मोठ्याने उत्तर देतं.

भागाचा भाग घेतला, तर तो मूळ भागाहून लहानच असणार. दीडने गुणलं, तर वाढणार. आपल्या जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, म्हणजे पाव ते दीडचे पाढे, पाठ करून घेत, ते हेच गुणाकार.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) भागाच्या भागाला 'प्रभाग' म्हटलं आहे. तिथलं एक गणित मी मुलांना आवर्जून देते. एका कंजुषाने याचकाला एका द्रम्माच्या (तेव्हाच्या नाण्याच्या) अर्ध्याच्या २/३ च्या ३/४ च्या १/५ च्या १/१६ चा १/४ भाग दिला. वरचे २ आणि ३ खालच्या २ आणि ३ बरोबर छाटले, की छेदात ४ × ५ × १६ × ४ उरतात. उत्तर १/१२८०. त्या काळी एका द्रम्माच्या कवड्या होत १२८०. याचकाच्या हाती पडली एक कवडी!

आई-बाबांना माझं एवढंच सांगणं आहे. मूल सहावीत गेलं, की नियम घोकून घेण्याची घाई करू नका. आधी चौकट काढून रेघा मारू द्या, घरं त्याची त्यालाच मोजू द्या.