मेळघाटची बातमी कोण लिहितो?

१९९३ मध्ये कुपोषणाने झालेले बालमृत्यू गाजले आणि मेळघाट देशभरच्या वर्तमानपत्रांत पोहोचला. पुढेही तो बहुधा त्याच कारणाने छापला गेला. अमरावती जिल्ह्यातील धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांत वस्ती मुख्यतः कोरकूंची. बातमीवर मात्र कोरकू वार्ताहराचे नाव क्वचितच दिसते.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. बाळ दगावलेल्या घरात आई कोरकूत बोलते, आशा सेविका किंवा शिक्षक ते हिंदीत सांगतात आणि वार्ताहर मराठीत लिहितो. एवढ्या वाटचालीत भूमकाचा (पारंपरिक वैद्याचा) उपचार आणि बाळाच्या पोटाला दिलेले चटके तेवढे शिल्लक राहतात. रोजगार, रस्ते, स्थलांतर गळून पडते. जुलै २०२२ मध्ये पाचडोंगरी आणि कोयलारी येथे विहिरीच्या दूषित पाण्याने माणसे दगावली, तेव्हा मोठी बातमी झाली. बिल थकल्याने वीज तुटली, नळ बंद पडले आणि लोक विहिरीवर गेले, ही त्याआधीची गोष्ट. ती वेळेत कळवायला गावातलाच माणूस हवा. मेळघाटच्या जंगलातून अकोट तालुक्यात पुनर्वसन झालेल्या केलपाणी, गुल्लरघाट या गावांचेही तेच. जमीन आणि सोयी मिळाल्या नाहीत म्हणून लोक जंगलात परतले. जानेवारी २०१९ मध्ये तिथे संघर्ष पेटला, तेव्हा सगळ्यांचे लक्ष गेले.

गावातला माणूस का मिळत नाही, याचे उत्तर व्यवहारात आहे. तालुक्याचा वार्ताहर सहसा पगारी नसतो. तुटपुंजे मानधन, जाहिरातींवर कमिशन, कित्येकदा अंकांची एजन्सीही त्याच्याकडेच. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात आणणाऱ्याला बाजारपेठेत ओळखी लागतात. मेळघाटातल्या खेड्यातील पदवीधराकडे त्या कुठून येणार?

प्रशिक्षणाची सोय मात्र दूर नाही. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीतच आहे आणि केंद्रीय संस्था असल्याने तिथे अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. अडचण पुढे येते: खासगी माध्यमसंस्थांच्या नोकरभरतीला आरक्षण लागू नाही. ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांच्या २०१९ च्या पाहणीत देशातील माध्यमांमधील १२१ वरिष्ठ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते; अनुसूचित जाती-जमातींचे कोणीही नव्हते.

तरीही आपल्या लोकांची बातमी स्वतः लिहिणारे आदिवासी पत्रकार झाले आहेत. झारखंडच्या दयामणी बारला या मुंडा समाजातल्या. त्यांची मुंडारी कोरकूच्याच कुळातली. 'प्रभात खबर'मधून त्यांनी विस्थापनाचे प्रश्न मांडले आणि ग्रामीण पत्रकारितेचा पुरस्कारही मिळवला. पण या लेखनाला आधार होता तो रांचीतल्या त्यांच्या चहाच्या हॉटेलचा.