ई-मेलचे कुलूप आणि त्याच्या दोन किल्ल्या

पोस्टकार्डावरील मजकूर वाटेत कोणीही वाचू शकतो, हे आपण सारेच जाणतो. म्हणूनच खासगी गोष्टी आपण पाकिटात घालून पाठवितो. ई-मेलच्या बाबतीत मात्र एवढी सावधगिरी क्वचितच बाळगली जाते. ई-मेलचा वाटेतील प्रवास आज बहुधा बंद थैलीतून होतो, हे खरे. परंतु टपाल कचेरीत थैली उघडावी तसा त्यातील मजकूर सेवा देणाऱ्या संगणकांवर उघडा होतो. वैद्यकीय अहवाल, वकिलाकडे पाठवावयाची कागदपत्रे किंवा गैरव्यवहाराची खबर देणाऱ्याचे नाव यांना लिहिणाऱ्यापासून वाचणाऱ्यापर्यंत टिकणारे कुलूप हवे. ते कूटलेखनाने लावता येते.

दोन किल्ल्यांची युक्ती

पूर्वी सांकेतिक लिपीत लिहिण्यासाठी व ती उलगडण्यासाठी एकच किल्ली वापरीत. ती दूरच्या माणसाकडे गुप्तपणे पोचवावी कशी, हाच मोठा प्रश्न असे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी या प्रश्नाचे उत्तर मांडले आणि १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी त्याला व्यवहार्य रूप दिले. रस्त्यावरील टपालपेटीत पत्र कोणीही टाकू शकतो. पेटी मात्र किल्ली असलेलाच उघडतो. तसेच येथे आहे. सार्वजनिक किल्लीने कोणीही आपणास पत्र बंद करून पाठवावे. ते उघडते केवळ आपल्या खासगी किल्लीने. १९९१ मध्ये फिल झिमरमन यांनी ‘पीजीपी’ हा प्रोग्राम प्रसिद्ध करून ही सोय सामान्य माणसाच्या हाती दिली. त्यावरूनच पुढे ‘ओपनपीजीपी’ हे खुले मानक तयार झाले.

किल्ल्या तयार करताना

‘थंडरबर्ड’ या विनामूल्य प्रोग्राममध्ये ही सोय २०२० पासून अंतर्भूत आहे. खात्याच्या मांडणीत जाऊन किल्ल्यांची जोडी तयार करावी व तिला मुदत घालावी. तीन वर्षे पुरेशी होतात. खासगी किल्लीला परवलीचे लांब वाक्य जोडावे. त्यानंतर लगेच तिची प्रत काढून संगणकापासून वेगळ्या, सुरक्षित जागी ठेवावी. किल्ली रद्द करण्याचे प्रमाणपत्रही तेथेच जपावे. सार्वजनिक किल्ली निर्धास्तपणे सर्वांना द्यावी. खासगी किल्ली मात्र कोणालाही देऊ नये.

दुसऱ्याची किल्ली स्वीकारताना ती त्याचीच आहे, याची खात्री करणे अगत्याचे आहे. त्याच्या नावाने भलत्यानेच किल्ली पाठविली असेल, तर आपले गुपित थेट त्या भलत्याच्या हाती जाईल. प्रत्येक किल्लीला अंक व अक्षरे यांचा मिळून ठसा असतो. प्रचलित किल्ल्यांत तो बहुधा ४० चिन्हांचा असतो. तो दूरध्वनीवर किंवा समक्ष वाचून ताडून पाहावा.

नेहमीच्या अडचणी

‘पाठविता येत नाही’ ही तक्रार सर्वाधिक आढळते. समोरच्याची किल्ली आपल्याकडे नसणे, तिची मुदत संपलेली असणे, किल्लीवरील पत्ता व त्याचा ई-मेल पत्ता निराळा असणे किंवा किल्ली घेऊनही ती ‘स्वीकृत’ अशी न नोंदविणे, यांपैकी एक कारण बहुधा निघते.

‘आलेले पत्र उघडत नाही’ असे झाल्यास पाठविणाऱ्याने आपली जुनी किल्ली वापरली आहे काय, ते पाहावे. संगणक बदलला असल्यास राखून ठेवलेल्या प्रतीवरून खासगी किल्ली नव्या संगणकावर आणावी. संगणकाचे घड्याळ मागे असेल, तर नवी किल्ली ‘भविष्यातील’ समजून नाकारली जाते. घड्याळ बरोबर लावताच ही अडचण दूर होते.

आपल्या किल्लीची मुदत संपली, तर घाबरण्याचे कारण नाही. खासगी किल्ली हाती असेल तर मुदत वाढविता येते. मात्र वाढविलेली सार्वजनिक किल्ली सर्वांना पुन्हा पाठवावी लागते. जुनी खासगी किल्ली कधीही पुसून टाकू नये; जुनी पत्रे तिच्याशिवाय वाचता येत नाहीत. खासगी किल्ली हरवली आणि प्रत नसली किंवा परवलीचे वाक्य विसरले, तर कोणताही तज्ज्ञ ती पत्रे उघडून देऊ शकत नाही. कुलपाची मजबुती ती हीच. अशा वेळी प्रमाणपत्राच्या आधारे किल्ली रद्द करून नवी करावी.

मर्यादा

पत्र कोणी, कोणास व केव्हा पाठविले, हे कूटलेखनाने लपत नाही. विषयाची ओळही अनेकदा उघडीच राहते. तेव्हा तीत गुप्त मजकूर लिहू नये.

डिसेंबर २०१२ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी नाव न सांगता पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड यांच्याशी संपर्क साधला आणि कूटलेखनाची सोय करण्याची विनंती केली. ती मांडणी किचकट वाटल्याने लांबणीवर पडली आणि तो संपर्क तेव्हा पुढे सरकला नाही. गरज उद्भवल्यावर कुलूप शोधण्यास वेळ नसतो. म्हणून निवांतपणी एखाद्या स्नेह्याबरोबर दोन-चार पत्रे बंद करून व उघडून पाहावीत. म्हणजे प्रसंगी हात अडखळणार नाही.