पर्यावरणातील विषे आणि शिकारी पक्ष्यांची वीण

बुलढाणा जिल्ह्यात कपाशी-सोयाबीनच्या शेतांवर एकाच जागी पंख फडफडवीत थांबलेला पांढुरका पक्षी आपण पाहिला असेल. हा कापशी. त्याची नजर खालच्या उंदरावर असते. उंदराने खाल्लेल्या दाण्यावर टिकाऊ कीटकनाशक असेल, तर ते त्याच्या चरबीत साठते. असे अनेक उंदीर खाणाऱ्या पक्ष्याच्या शरीरात त्याचे प्रमाण कितीतरी पटींनी वाढते. यालाच जैविक विशालन म्हणतात. अन्नसाखळीच्या टोकाशी असणे हे अशा वेळी संकट ठरते.

हे विष पक्ष्याला लगेच मारतेच असे नाही. डीडीटीपासून शरीरात तयार होणारे डीडीई हे द्रव्य मादीच्या कवचग्रंथीत कॅल्शियम पोहोचू देत नाही. त्यामुळे कवच पातळ होते आणि उबवायला बसलेल्या मादीच्याच भाराने अंडे फुटते. डेरेक रॅटक्लिफ यांनी ब्रिटनमधील संग्रहांतील बहिरी ससाण्याची जुनी अंडी तपासली. कवचे साधारण 1947 पासून, म्हणजे डीडीटीचा वापर सुरू झाल्याच्या सुमारास, पातळ होऊ लागल्याचे त्यांनी 1967 मध्ये दाखवून दिले. भारतात शेतीसाठी डीडीटीवर 1989 मध्ये बंदी आली.

आपल्याकडील सर्वांत मोठी हानी मात्र फवारणीने केलेली नाही. गिधाड शिकार करीत नसले तरी त्याची गणना याच गटात होते. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिल्यानंतर लवकरच मेलेले जनावर खाल्ल्यास गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होते, हे 2004 मध्ये सिद्ध झाले. 1992 ते 2007 या काळात भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या 99.9 टक्क्यांनी घटली. विशेष म्हणजे एवढ्या ऱ्हासाला शंभरांतील एकाहूनही कमी मृत जनावरे विषारी असणे पुरेसे होते. असे का, याचे उत्तर विणीत आहे. कापशी एका वेळी तीन-चार अंडी घालते. गिधाडाची जोडी वर्षाला एकच. पिल्लू वयात यायला काही वर्षे लागतात. अंडे उबवणे आणि पिल्लाला भरवणे हे काम नर-मादी वाटून घेतात. त्यामुळे एक जोडीदार मेला, की घरट्यातील पिल्लूही बहुधा जात नाही तर वाचणे कठीण होते.

येथे शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. लंगडणाऱ्या बैलाच्या वेदना थांबाव्यात म्हणूनच त्याने हे औषध दिले होते. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांना टोचल्या जात राहिल्या, म्हणून 2015 मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करावा लागला. 2023 मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांनाही जनावरांसाठी मनाई झाली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असा पर्याय उपलब्ध आहे.

उपक्रम : आपल्या गावातील साठीपुढील दोन व्यक्तींना विचारा, मेलेली जनावरे पूर्वी कोठे टाकली जात, तेथे गिधाडे उतरत असत काय आणि ती कोणत्या सुमारास दिसेनाशी झाली. मिळालेली उत्तरे त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.