शिनोलीच्या पाटापासून नाणेघाटाच्या टाक्यांपर्यंत

मंचरहून भीमाशंकरला जाताना घोडेगाव मागे पडले की शिनोली येते. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला या रस्त्याने गाड्यांची रीघ लागते. पण मुद्दाम शिनोलीत उतरणारा प्रवासी विरळाच. ज्याला जुन्नर-आंबेगावचा मुलूख नीट पाहायचा आहे, त्याने मात्र इथेच उतरावे आणि कालव्याची वाट धरावी. वर डिंभे धरण, खाली घोड नदी आणि शिवारात उसाला, कांद्याला दारे धरणारी माणसे. या मुलखातल्या बहुतेक जुन्या-नव्या खुणा याच एका गोष्टीशी बांधलेल्या आहेत: पावसाचे चार महिन्यांचे पाणी उरलेले आठ महिने कसे पुरवायचे.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट किंवा लायडनसारख्या जुन्या गावात जाणकार प्रवासी मुख्य चौक सोडतो आणि कालव्याच्या काठाने चालत राहतो. पूल, पाणी अडवणारे दरवाजे, काठावरची जुनी गोदामे पाहताना त्याला गावाचा इतिहास कळतो. अॅमस्टरडॅमच्या सतराव्या शतकातल्या कालव्यांच्या वलयाला 2010 साली जागतिक वारशाचे स्थान मिळाले. तिथल्या लोकांपुढचा प्रश्न होता तो समुद्रसपाटीखालची जमीन कोरडी ठेवण्याचा. घोड आणि कुकडी या नद्यांच्या खोऱ्यात घाटमाथ्यावर पाऊस धो धो कोसळतो आणि पूर्वेला शिरूरपर्यंत पोहोचेतो तो वर्षाला जेमतेम पाचेकशे मिलिमीटरवर येतो. इथल्या माणसाला पाणी धरून ठेवावे लागले. पाहण्याची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे: पाण्याच्या काठाने चालायचे.

आणि इथला काठ हॉलंडच्या काठापेक्षा फार जुना आहे. शिनोलीजवळून वाहणारी घोड नदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तिथे डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही नावे या कामाशी जोडलेली आहेत. नदीच्या उजव्या काठावरच्या पांढरीच्या टेकाडाखाली ताम्रपाषाण युगातले शेतकऱ्यांचे गाव निघाले. चौकोनी घरे, धान्याची कोठारे, घराच्या जमिनीखाली पुरलेली मुले, मस्तक नसलेली मातृदेवतेची मूर्ती, असे बरेच काही सापडले. त्यातच पाण्याचा पाट आणि त्याला लागून दगडमातीचा बांध होता. उत्खननकर्त्यांनी तो आद्य जोर्वे काळाचा, म्हणजे सुमारे इसवी सनापूर्वी 1400 ते 1000 या काळातला ठरवला. पुराचे पाणी वळवून साठवायचे आणि त्यावर गहू पिकवायचा, अशी ही योजना असावी असे त्यांचे मत. सातूला थोडे पाणी चालते, गव्हाला नाही.

याच गावात पाच खोल्यांचे एक घर सापडले. त्याच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण होता आणि रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष. गावाच्या प्रमुखाचे हे दफन असावे असे संशोधकांनी म्हटले. पाटाच्या पाण्याची वाटणी कोणी करायची, हा प्रश्न तेव्हाही असणार. आणि वाटणी करणाऱ्याचा मान मोठा असणार. पुढे हवामान कोरडे होत गेले, गहू मागे पडला, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि इसवी सनापूर्वी 700 च्या सुमारास गाव उठले. शिरूर-पारनेरच्या दुष्काळी पट्ट्यात राहणाऱ्याला या क्रमाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

आता पुन्हा वर, डिंभ्याला. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर हे नाव आहे. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, मुंबईच्या गिरणीत काम करणारा तरुण. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाने भरलेल्या मोटारीपुढे तो आडवा झाला आणि तिच्याखाली चिरडला गेला. धरणाची क्षमता साधारण साडेतेरा टीएमसी आहे. उजवा कालवा आंबेगाव-शिरूरकडे जातो. डावा कालवा सुमारे 55 किलोमीटर धावून घोडचे पाणी कुकडीवरच्या येडगाव धरणात नेऊन सोडतो. येडगावातून निघणारा कुकडी डावा कालवा 249 किलोमीटरचा आहे; जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे तालुके ओलांडत तो थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यात पोहोचतो. म्हणजे आहुप्याच्या डोंगरात पडलेला पाऊस करमाळ्याच्या शेतकऱ्याच्या चारीत उतरतो. आवर्तन कधी सुटणार, कोणाला किती मिळणार, डिंभे-माणिकडोह बोगदा व्हावा की होऊ नये, यावर या तालुक्यांत वर्षानुवर्षे भांडण आहे. शेपटाच्या गावाला पाणी पोहोचत नाही ही तक्रारही जुनीच.

या पाण्याखाली एक गाव आहे. ज्याच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ आंबेगावच जलाशयात गेले; तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. उन्हाळ्यात पाणी खाली उतरले की जुन्या वस्तीचे अवशेष उघडे पडतात आणि तेव्हा आपापल्या घराची जागा ओळखायला माणसे येतात. खालच्या तालुक्यांतला ऊस पाहताना हे गाव विसरून चालणार नाही. जलाशयाकाठच्या महादेव कोळी कुटुंबांची सपाट भातखाचरे बुडाली, वरचा उतार तेवढा उरला. आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या ‘शाश्वत’ संस्थेने या लोकांबरोबर राहून काम केले. डोंगरउतारावर दगडी बांध घालून खाचरे तयार करण्याची इथली पडकईची रीत पुन्हा उभी राहिली आणि जलाशयात मासेमारीचा हक्क आदिवासींच्या सहकारी संस्थेकडे आला. ‘शाश्वत’ला 2012 साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाशी निगडित इक्वेटर पुरस्कार मिळाला. भीमाशंकरला जाणारी गाडी तासाभरात जिथून पुढे निघून जाते, तिथे पडकईचे बांध रस्त्यावरून दिसतात. ते पाहायला थांबावे, इतके ते देखणे आणि कष्टाचे काम आहे.

घोडेगावहून डोंगर ओलांडला की जुन्नर. शिवनेरी आता जगाच्या नकाशावर आहे. 2025 साली मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत त्याचेही नाव जागतिक वारशात आले. लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनाला वर्षभर गर्दी असते. पण जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून जास्त लेणी आहेत आणि त्यातली बहुतेक ओस असतात.

गावाच्या पश्चिमेला पाडळीजवळची तुळजा लेणी घ्या. तिथले चैत्यगृह गोल आहे: मधोमध स्तूप, त्याभोवती बारा अष्टकोनी खांब, वर घुमटाकार छत. पश्चिम भारतातल्या लेण्यांत अशी रचना जवळजवळ कुठेच नाही. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातले हे काम, म्हणजे कार्ल्याच्या भव्य चैत्याहूनही थोडे आधीचे.

गावाच्या दक्षिणेला मानमोडीचा डोंगर आहे. त्यात अंबा-अंबिका, भूतलिंग आणि भीमाशंकर असे तीन गट. भूतलिंगच्या अर्धवट राहिलेल्या चैत्याच्या कमानीत गजलक्ष्मी कोरलेली आहे आणि हे दर्शनी काम चंद नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीकाने दिले, असा लेख तिथे आहे. भीमाशंकर गटातल्या लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पाण्याची पोढी (टाके) आणि मंडप पुण्यासाठी केल्याची नोंद आहे, वर्ष 46. हे शक वर्ष धरले तर इसवी सन 124. कारभाऱ्याने दिलेल्या दानात पाण्याचे टाके पहिले लिहिले आहे, हे लक्षात घेण्यासारखे. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिल्याचा उल्लेख येतो. पश्चिमेकडून आलेल्या कोणा परक्याने या गावाला काय द्यावे असे त्याला वाटले, तर पाणी! आणखी एका लेखात आडुथुम नावाच्या शकाने जमिनीचे उत्पन्न करंज आणि वडाची झाडे लावण्यासाठी दिले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी झाडांसाठी कायम निधी ठेवला जात होता.

आज या टाक्यांत काय आहे? काहींत अजून नितळ पाणी आहे, गुराखी ते पितात. काहींत प्लास्टिकच्या बाटल्या आणि निर्माल्य. ज्या दगडावर दात्याचे नाव ब्राह्मीत आहे, त्याच्याच शेजारी प्रेमवीरांनी आपली नावे खरवडली आहेत. हे पाहून चीड येते आणि यायलाच हवी.

ही टाकी कोणासाठी होती ते नाणेघाटात कळते. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून आलेला माल बैलांच्या पाठीवर या घाटाने चढे, जुन्नरला विसावे आणि पुढे प्रतिष्ठानकडे, म्हणजे पैठणला जाई. घाटाच्या तोंडाशी असलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणांची यादी त्यात आहे. दगडावर कोरलेले भारतातले फार जुने अंक इथेच वाचता येतात. बहुतेक जण कड्याच्या टोकाशी उभे राहून फोटो काढतात आणि लेण्यासमोरून परततात. शेजारच्या खडकात खोदलेली टाकी बघायला कोणी वळत नाही. खरे तर घाट चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला राणीच्या लेखाआधी तीच हवी असणार. तसाच वाटेवरचा पूर गावचा कुकडेश्वर. कुकडीच्या उगमाजवळचे हे कोरीव शिवमंदिर शिलाहारांचे, अशी परंपरा आहे.

जुन्नर गावातही हिंडावे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे निजामशाहीची राजधानी इथे आणली होती. याच अंबरने पुढे खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि तिथे जमिनीखालच्या नहरीने पाणी खेळवले. जुन्नरजवळ हापूसबागेत एक मोठा घुमट उभा आहे, लोक त्याला सौदागर घुमट म्हणतात. त्याच्या भिंतींवरचे नक्षीकाम एखाद्या राजधानीला शोभेल असे आहे. जुन्नरचा हातकागद पेशवाईच्या दप्तरांत ‘जुन्नरी’ म्हणून ओळखला जाई. कागद बनवायला मुबलक वाहते पाणी लागते, तेव्हा हा धंदाही नदीचाच.

कुकडीच्या काठाने पूर्वेला गेले की बोरी बुद्रुकजवळ नदीच्या दरडीत फिकट राखेचा थर दिसतो. ही ज्वालामुखीची राख आहे आणि ती इथल्या सह्याद्रीची नव्हे, खूप दुरून वाऱ्याने आलेली. सुमात्रातल्या तोबाच्या सुमारे 74,000 वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ही राख, की त्याहून कितीतरी जुनी, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. वादाचे कारण म्हणजे राखेच्या सान्निध्यात मिळालेली अश्मयुगीन हत्यारे: राखेचे वय ठरले तर इथल्या पहिल्या माणसाचा काळ ठरतो.

कालव्याने आणलेला आणखी एक रहिवासी आहे, बिबट्या. पाणी आले, ऊस आला, विघ्नहर आणि भीमाशंकर हे साखर कारखाने उभे राहिले. वर्षभर हिरव्या उभ्या उसात बिबट्याला लपायला जागा आणि खायला कुत्री-शेळ्या मिळाल्या. 2001 ते 2003 मध्ये जुन्नर वन विभागात माणसांवरचे हल्ले वाढले, तेव्हा वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी इथे अभ्यास केला. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्याने हल्ले कमी होत नाहीत, उलट वाढतात, असे त्यातून पुढे आले. माणिकडोह धरणाजवळ वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस यांचे बिबट निवारा केंद्र आहे. उसात जन्मलेली बिबट्यांची पिढी उसालाच जंगल समजते, आणि तोडणीच्या हंगामात त्याची किंमत ऊसतोड मजुरांची मुले मोजतात.

2018 साली राज्य सरकारने जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून घोषित केले. त्या घोषणेतून व्हायला हवीत अशी कामे लहान आहेत. मानमोडीच्या प्रत्येक लेखाखाली मराठी वाचन असलेली पाटी. टाक्यांतला गाळ पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली काढणे. बोरीच्या दरडीजवळून वाळू उपशाची वाहने जाऊ न देणे. डिंभ्याच्या काठावर बुडालेल्या गावांची नावे लिहिलेला दगड. आणि शिनोली-घोडेगावच्या शाळांची सहल दरवर्षी भीमाशंकरला जाते, तर एखाद्या वर्षी तरी ती नदीच्या दुसऱ्या टोकाला, इनामगावला आणि तिथून पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात न्यावी. आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला तीन हजार वर्षांपूर्वी पाट काढणारे शेतकरी राहत होते, हे मुलांनी तिथे जाऊन पाहावे. पाटकऱ्याच्या घरची मुले प्रश्न जास्त चांगले विचारतील.