वॅलग्रिंडच्या नकोशा वॉर्निंग्ज: गप्प कशा करायच्या आणि कशा करू नयेत?

मे २००८. डेबियन या लिनक्स प्रणालीने वापरकर्त्यांना तातडीची सूचना दिली: २००६ च्या सप्टेंबरपासून आमच्या प्रणालीवर तयार केलेल्या एसएसएच किल्ल्या बदला. त्या किल्ल्या ओळखणं सोपं झालं होतं. या गोंधळाचं मूळ होतं एका टूलच्या वॉर्निंगमध्ये.

वॅलग्रिंड म्हणजे काय?

प्रोग्राम चालू असताना त्याची तपासणी करणाऱ्या टूल्सचा हा मोफत संच आहे. त्यातलं कॅलग्रिंड कोणत्या फंक्शनवर किती काम खर्च होतं ते मोजतं, मॅसिफ मेमरीचा वापर मोजतं आणि मेमचेक मेमरीच्या चुका पकडतं. जिथे काहीच लिहिलेलं नाही अशा मेमरीतल्या मूल्यावर प्रोग्रामने निर्णय घेतला, की मेमचेक तक्रार करतं.

मग वॉर्निंग लपवायची कशाला?

कारण बऱ्याच तक्रारी आपल्या कोडबद्दल नसतातच. त्या सिस्टीमच्या लायब्ररीतल्या असतात आणि ती दुरुस्त करणं आपल्या हातात नसतं. अशा शेकडो ओळींच्या गर्दीत आपली खरी चूक हरवते.

यावर उपाय म्हणजे सप्रेशन फाइल. टूलला सांगितलं की ते प्रत्येक तक्रारीसाठी तयार मजकूर छापून देतं: तक्रारीचा प्रकार आणि कोणत्या फंक्शनमधून कोणतं फंक्शन चाललं त्याची साखळी. तो मजकूर फाइलमध्ये ठेवून पुढच्या वेळी ती फाइल टूलला दिली, की तेवढी तक्रार दिसत नाही. शेवटी मात्र किती तक्रारी दाबल्या, तो आकडा येतो.

साखळी जितकी नेमकी तितकं चांगलं. फक्त 'या लायब्ररीतलं काहीही' असं लिहिलं, तर उद्याची खरी चूकही त्यातच लपते.

डेबियनमध्ये काय बिघडलं?

तिथे वॉर्निंग घालवण्यासाठी थेट ओपनएसएसएलच्या कोडमधल्या दोन ओळी बंद केल्या गेल्या. त्यातली एक गेल्याने फारसं बिघडत नव्हतं. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या ओळीतून किल्लीसाठी लागणारा सगळा यादृच्छिकपणा आत येत होता. ती बंद झाल्यावर उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या आणि आकाराच्या किल्लीसाठी एका जातीच्या संगणकावर जेमतेम ३२,७६८ शक्यता. एवढ्या किल्ल्या आधीच तयार करून एकेक लावून पाहणं कुणालाही जमतं. डेबियनवर आधारलेल्या उबुंटूलाही याचा फटका बसला.

यातून काय घ्यायचं?

सप्रेशन फाइल प्रोग्रामच्या बाहेर असते. तिच्यात चूक झाली, तर फार तर एखादी वॉर्निंग दिसणार नाही, पण प्रोग्राम होता तसाच चालेल. कोडमधली ओळ काढली, की प्रोग्रामच बदलतो. म्हणून वॉर्निंग का आली हे कळेपर्यंत कोडला हात लावू नये. आणि ती निरुपद्रवी आहे याची खात्री पटली, तर सप्रेशन फाइलमध्ये तिच्या शेजारी कारणही एका ओळीत लिहून ठेवावं. सहा महिन्यांनी तीच फाइल उघडणाऱ्या सहकाऱ्याला त्या ओळीचाच आधार असतो.