बाल चान्यू आणि शरणागतांचा किल्ला

चीनच्या उत्तरेला, गवताळ मुलखात शिओंग्नू या भटक्या घोडेस्वारांचे राज्य होते. त्यांच्या राजाला चान्यू म्हणत. इ. स. पूर्व १०५ मध्ये वूवेई चान्यू वारला आणि त्याचा मुलगा वूशिलू गादीवर आला. तो इतका कोवळा होता, की चिनी इतिहासात त्याची ओळख ‘बाल चान्यू’ अशीच राहिली.

त्याचे पोरवय हेरून चीनच्या हान घराण्याचा सम्राट वू याने भेदनीती आरंभली. सांत्वनाच्या निमित्ताने दोन दूत धाडले : एक चान्यूकडे, दुसरा परस्पर त्याच्या हाताखालच्या उजव्या फळीच्या राजाकडे. शिओंग्नूंनी दोघांनाही चान्यूपुढेच नेऊन उभे केले. त्याने दोघांनाही डांबले.

पुढे एका हिवाळ्यात अफाट बर्फ पडले; गुरेढोरे उपासमारीने आणि गारठ्याने मेली. त्यातच चान्यूला रक्तपाताची हौस होती, असे सिमा छ्येन हा चिनी इतिहासकार लिहितो. ही साक्ष शत्रुपक्षाची, हे विसरू नये. पण प्रजा धास्तावली होती खरी, कारण डाव्या फळीच्या एका सेनापतीने हान दरबाराशी गुपचूप संधान बांधले. चान्यूला मारून तुमच्याकडे येतो, पण तुम्ही फार लांब आहात, मला घ्यायला फौज पाठवा, असा त्याचा निरोप होता. एवढ्यावर हानांनी सीमेपलीकडे चक्क किल्ला उभारला! नावही ‘शरणागत स्वीकारण्याचा किल्ला’. तरी अंतर जास्तच वाटले, म्हणून इ. स. पूर्व १०३ मध्ये झाओ पोनू हा सरदार २०,००० स्वार घेऊन आणखी आत घुसला.

कट फुटला. चान्यूने फितूर सेनापतीला ठार केले आणि झाओवर फौज सोडली. माघारी फिरलेला झाओ किल्ल्यापासून दीडएकशे किलोमीटरवर असताना ८०,००० स्वारांनी त्याला गराडा घातला. रात्री तो स्वतःच पाणी शोधायला बाहेर पडला (सेनापतीने का जावे, कोण जाणे) आणि पकडला गेला. सरदार गमावून परतलो तर मुंडके उडेल, या भीतीने त्याची सारी फौज शरण गेली.

हरखलेल्या चान्यूने किल्ल्यावर हल्ला चढवला, पण किल्ला पडला नाही. पुढच्या वर्षी तो जातीने चालून निघाला आणि वाटेतच आजारी पडून मेला. राज्य जेमतेम तीन वर्षांचे. मुलगा लहान, म्हणून गादी काकाकडे गेली. तोही वर्षभरात वारला. झाओ पोनू मात्र दहाएक वर्षांनी निसटून चीनला पोहोचला. पुढे जादूटोण्याच्या आरोपावरून हान दरबारानेच त्याचा सहकुटुंब वध केला.